गडचिरोलीला जाताना : जवाहरनगर व भंडारा परिसरातील कुटुंबांसाठी प्रवासविषयक माहिती

जवाहरनगरची आयुधनिर्माणी वसाहत असो की भंडारा शहर, येथील पुष्कळ कुटुंबांचे कोणी ना कोणी गडचिरोली जिल्ह्यात नोकरीस किंवा सेवेस असते. कोणाची मुलगी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, कोणाचा जावई आश्रमशाळेत शिक्षक आहे, कोणाचा भाऊ राखीव पोलीस दलात आहे, तर कोणाची धर्मभगिनी झालेली बहीण एखाद्या दूरच्या मिशन केंद्रात दवाखाना सांभाळते. नाताळाची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की त्यांना भेटून यावे असे घरच्यांना वाटते आणि त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो : तिकडे जाणे सुरक्षित आहे काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याआधीच, १९८० च्या सुमारास, नक्षलवाद्यांची सशस्त्र पथके तेव्हाच्या आंध्र प्रदेशातून गोदावरी व प्राणहिता ओलांडून या जंगलात शिरली होती. पुढील चार दशकांत येथे पुष्कळ रक्त सांडले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या बाजूने १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडे याच्यासह अनेक नक्षलवादी ठार झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये चळवळीचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याआधी, १ जानेवारी २०२५ रोजी, एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडापर्यंत एस.टी. बस सुरू झाली होती. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तरहून अधिक वर्षांनी त्या गावाने एस.टी. पाहिली.

म्हणजे परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. तरीही ज्या जिल्ह्यात चाळीस वर्षे बंदुकीचा धाक होता, तेथील माणसांच्या मनातील सावधपणा एका समारंभाने जात नाही, आणि पाहुण्याने तो सावधपणा ओळखून वागणे हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

नेमके कोठे जायचे आहे?

'गडचिरोलीला चाललो' असे आपण सहज म्हणतो. परंतु हा जिल्हा १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक आहे. त्यात बारा तालुके आहेत व तीन चतुर्थांशांहून अधिक भूभाग जंगलाचा आहे. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत रस्त्याने जायचे तर तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. देसाईगंज (वडसा), आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी हा वैनगंगेच्या काठचा पट्टा भातशेतीचा व दाट वस्तीचा आहे आणि तेथील जीवन आपल्या पवनी-लाखांदूरसारखेच आहे. या पट्ट्यात जाणाऱ्याने कोणत्याही अन्य जिल्ह्यात जाताना घ्यावी तेवढीच काळजी घेतली तरी पुरते. धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड आणि अहेरी-सिरोंच्याचा आतला भाग यांची गोष्ट वेगळी आहे. त्यामुळे 'सुरक्षित आहे काय' हा प्रश्न जिल्ह्याविषयी न विचारता गावाविषयी विचारावा. तोही वर्तमानपत्राला नव्हे, तर ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांना. आपल्या गावचा रस्ता कोणत्या आठवड्यात नीट असतो हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

वाटा व वाहने

जवाहरनगरहून गडचिरोली शहर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. एक वाट भंडारा, अड्याळ, पवनी यांवरून नागभीड-ब्रह्मपुरीकडे उतरते व आरमोरीमार्गे गडचिरोलीस पोहोचते. दुसरी साकोली, लाखांदूर, वडसा, आरमोरी अशी जाते. हाच राष्ट्रीय महामार्ग पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत सिरोंच्याला मिळतो. गडचिरोली शहरात रेल्वे नाही. जवळचे स्थानक वडसा हे गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आहे, म्हणून भंडारा रोडहून (वरठी) गाडीने जाणाऱ्यांना गोंदियाला गाडी बदलावी लागते. वडसा ते गडचिरोली हा नवा लोहमार्ग हाती घेण्यात आला आहे, परंतु बेत आखताना तो जमेस धरू नये.

एस.टी. हेच येथील खरे वाहन होय. गडचिरोली व अहेरी येथे आगारे आहेत आणि आतल्या गावांच्या गाड्या मुख्यतः अहेरीहून सुटतात. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, तसेच ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आधार कार्ड मात्र सोबत हवे. आतल्या गावाला दिवसातून एखादीच गाडी जाते, तीही अनेकदा रात्री मुक्कामी राहून सकाळी परतणारी असते. ती चुकली तर दिवस गेला असे समजावे. म्हणून भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचा गाठावयाचे असल्यास पहिल्या दिवशी गडचिरोली किंवा आलापल्ली-अहेरी येथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे निघणे हितकारक ठरते. गडचिरोली ते आलापल्ली सुमारे ११५ किलोमीटर आणि तेथून भामरागड आणखी ६५ आहे. कागदावर ही अंतरे लहान वाटतात. रस्त्यावर ती तशी राहत नाहीत.

याचे एक कारण लोहखनिज आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावर २०२१ पासून जोमाने खाणकाम सुरू झाले आणि आलापल्ली, आष्टी, चामोर्शी या मार्गावर अवजड ट्रकांची रांग लागली. या ट्रकांखाली सापडून अनेकांचे प्राण गेले आहेत व त्यावरून गावकऱ्यांनी वारंवार रास्ता रोको केला आहे. मोटारसायकलने या मार्गावर जाऊच नये, असे आम्ही स्पष्टपणे सुचवितो. चारचाकी असेल तर दिवसाउजेडी जावे, ट्रकांमध्ये पुरेसे अंतर राखावे आणि धूळ उडत असता ओलांडण्याची घाई करू नये. नक्षलवाद्यांच्या भीतीने घरी थांबणारा माणूस या ट्रकांचा विचार क्वचितच करतो. आजच्या प्रवाशाला अधिक धोका मात्र त्यांचाच आहे.

भ्रमणध्वनीवरील नकाशा जवळची वाट म्हणून कधी कधी जंगलातील कच्चा रस्ता दाखवितो. तो धरू नये. पेट्रोलची टाकी गडचिरोलीला आणि पुन्हा आलापल्लीला भरून घ्यावी, तसेच दोन-तीन दिवस पुरतील इतके रोख पैसे जवळ ठेवावेत. दूरध्वनीचे मनोरे अलीकडे वाढले असले तरी आतल्या भागात तासन् तास संपर्क नसतो. निघताना, पोहोचल्यावर आणि परत फिरताना असे तीन निरोप कोठून द्यायचे हे घरच्यांशी ठरवून ठेवले, तर मधल्या शांततेने कोणाच्या जिवाला घोर लागत नाही.

वैनगंगेचे पाणी

या प्रवासात सर्वांत अधिक अडवणूक पाणीच करते. आपली वैनगंगा भंडाऱ्याजवळून वाहत पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणात साठते. धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की पाणी वडसा, आरमोरी, गडचिरोली या बाजूस धावते. मुख्य नदी फुगली की तिला मिळणाऱ्या गाढवी, पाल, कठाणी, पोटफोडी या नद्यांचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबते व रस्त्यावर येते. त्यामुळे गडचिरोलीत ऊन पडलेले असतानाही आरमोरी किंवा चामोर्शीचा रस्ता बंद असू शकतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडल्यावर भंडारा शहरात काय घडले हे आपण विसरलेलो नाही; तेच पाणी पुढे गडचिरोली जिल्ह्यातही शिरले होते. म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी आकाशाकडे पाहण्यापेक्षा गोसेखुर्दचे किती दरवाजे उघडे आहेत याची बातमी पाहावी.

दक्षिणेकडे भामरागडची अडचण आणखी मोठी आहे. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्यांचा तेथे संगम आहे. पर्लकोटेचा जुना पूल ठेंगणा असल्यामुळे दर पावसाळ्यात तो पाण्याखाली जाऊन तालुक्याचे गाव जगापासून तुटत आले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर गावातच अनेकदा पाणी शिरले होते. त्यानंतर उंच पुलाचे काम हाती घेण्यात आले. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन घालणारे दरवर्षी वाहून जातात, आणि त्यांत 'एवढेसे तर पाणी आहे' असे म्हणणारेच अधिक असतात. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे, मग त्यासाठी रात्र आलापल्लीत काढावी लागली तरी चालेल.

जाण्यास उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा होय. थंडी मात्र कडाक्याची असते. जंगलातील गावी पहाटे शाल पुरत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो व ऊन असह्य होते.

नाकाबंदी, बंद आणि फलक

नक्षलवादी संघटना २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा आठवडा 'शहीद सप्ताह' म्हणून व २ ते ८ डिसेंबर हा आठवडा आपल्या सशस्त्र दलाचा स्थापना सप्ताह म्हणून पाळत आल्या आहेत. या दिवसांत झाडे पाडून रस्ते अडविणे, फलक लावणे, एस.टी. गाड्या अंतर्भागात न जाणे असे प्रकार घडत आले. आता त्यांची तीव्रता घटली असली तरी डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटल्यावर आतल्या गावी जाणे अधिक सोयीचे. नाताळासाठी जाणाऱ्यांना ते सहज जमते. निवडणुकीच्या दिवसांतही वेळा वेगळ्या असतात : येथे सुरक्षेच्या कारणास्तव मतदान दुपारी तीन वाजताच संपविले जात आले आहे. त्या दोन-तीन दिवसांत प्रवास टाळावा.

रस्त्यात लाल फलक, पत्रके किंवा पाडलेले झाड दिसल्यास त्याला हात लावू नये व छायाचित्र काढण्यासाठी जवळ जाऊ नये. अशा ठिकाणी स्फोटके पेरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गाडी मागे वळवून जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. आपत्कालीन क्रमांक ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे आहेत.

पोलिसांची नाकाबंदी हा तेथील नित्याचा भाग आहे. कोठून आलात, कोणाकडे जाता, किती दिवस राहणार, हे विचारले जाते. ओळखपत्र दाखवून सरळ उत्तरे द्यावीत. जवाहरनगरच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको; आयुधनिर्माणीच्या प्रवेशद्वारावरील तपासणी आणि छायाचित्रणास मनाई ही त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच शिस्त येथे पाळावी. पोलीस ठाणी, मदत केंद्रे, हेलिपॅड, जवानांची हालचाल यांचे छायाचित्र काढू नये आणि ड्रोन नेऊ नये. लष्करी हिरव्या रंगाचे किंवा ठिपक्यांचे कपडे, टोप्या, पिशव्या घरीच ठेवाव्यात. बाजारात ते स्वस्त मिळतात म्हणून मुले हौसेने घालतात, परंतु जंगलात दुरून पाहणाऱ्याला हौस दिसत नाही.

आणखी एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. नाताळची भेट म्हणून वाइनची बाटली बरोबर नेणे हाही तेथे गुन्हा ठरतो. केक न्यावा, करंज्या न्याव्यात. त्याचे स्वागतच होईल.

आपण परत येतो, ते तेथेच राहतात

या जिल्ह्यात सर्वाधिक सोसले ते आदिवासी गावकऱ्यांनी. 'पोलिसांचा खबऱ्या' या संशयावरून नक्षलवाद्यांनी अनेकांचे प्राण घेतले. उलट, रात्री दारात आलेल्या बंदूकधाऱ्यांना भाकर दिली म्हणून पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे लागलेलेही अनेक आहेत. दोन्हीकडून संशय असलेल्या माणसाला पाहुण्याचा एखादा साधा प्रश्नही जड जातो. 'तुमच्या गावात ते येतात का?', 'कोणी पाहिले आहे का?', 'कोणाच्या घरचे गेले होते?' असे प्रश्न आपण कुतूहलाने विचारतो. उत्तर देणाऱ्याला मात्र ते कोणाच्या कानी जाईल याचा विचार करावा लागतो. असे प्रश्न बसमध्ये, हॉटेलात, आठवडी बाजारात किंवा यजमानांच्या ओसरीवरही विचारू नयेत. ज्यांना सांगावेसे वाटेल ते आपण होऊन सांगतील.

हीच गोष्ट छायाचित्रांची व भ्रमणध्वनीवरून पसरणाऱ्या मजकुराची. परिचारिका असलेल्या लेकीचा, शिक्षक जावयाचा किंवा मिशनमधील सिस्टरांचा फोटो गावाच्या नावासह व 'नक्षली भागात आमची भेट' अशा ओळीसह गटागटांतून फिरविला जातो. त्यात वाईट हेतू नसतो. पण तो फिरत फिरत त्याच गावात परततो आणि 'आमच्या गावाला असे म्हटले' म्हणून लोक दुखावतात. कधी तर यजमानांच्या कामाविषयीच नसती शंका निर्माण होते. फोटो जरूर काढावेत, ते घरच्या अल्बमसाठी ठेवावेत.

धर्मग्रामांतून गट करून जाणाऱ्यांना आम्ही विशेष विनंती करतो. मुलांना रांगेत उभे करून कपडे व मिठाई वाटणे आणि त्याचे चित्रण करणे टाळावे. आदिवासी माणूस गरीब असेल, परंतु तो दुसऱ्याच्या दानावर जगणारा नाही; शिवाय बाहेरून आलेल्या वाटपाविषयी अनेक तर्क लढविले जातात आणि त्यांची उत्तरे मागाहून स्थानिक धर्मगुरूंना द्यावी लागतात. काही द्यावयाचे असल्यास त्यांना आधी विचारून, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या गरजेप्रमाणे, गाजावाजा न करता द्यावे. आपला भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. गडचिरोली मात्र बल्लारपूर येथे मुख्यालय असलेल्या सिरो-मलबार चांदा धर्मप्रांतात आहे. त्यामुळे मिस्साविधीची पद्धत थोडी निराळी वाटेल. मिस्साच्या वेळा आगाऊ विचारून घ्याव्यात, कारण एकच धर्मगुरू अनेक केंद्रे सांभाळतात.

भाषेचेही भान ठेवावे. आतल्या भागात गोंडी व माडिया बोलतात, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही गावांत पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. मराठी बहुतेकांना समजते. 'जोहार' म्हटले की समोरचा चेहरा खुलतो. गोटुल हे गावाचे एकत्र येण्याचे, आदराचे स्थान आहे. गावकऱ्यांनी बोलाविल्याशिवाय आत जाऊ नये. हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प अनेकजण पाहू इच्छितात, तसेच चातगावजवळील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे शोधग्रामही. ही चालती रुग्णालये आहेत, सहलीची ठिकाणे नव्हेत. आधी कळवून व वेळ घेऊनच जावे.

जंगल आणि ताप

आरमोरी, वडसा, गडचिरोली या पट्ट्यात वाघांची संख्या वाढली आहे. वडसा, ब्रह्मपुरी व आपल्या भंडारा जिल्ह्यात मिळून १३ जणांचे बळी घेतलेला 'सीटी-१' हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात पकडण्यात आला. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही या भागात फिरू लागला. पहाटे व सायंकाळी दुचाकीने जंगलातून जाऊ नये आणि लघुशंकेसाठी गाडी थांबविताना वस्ती पाहून थांबवावी.

मलेरियाचे पुष्कळ रुग्ण या जिल्ह्यात आढळतात, आणि त्यांतील पुष्कळांना मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपॅरम प्रकारचा मलेरिया असतो. मच्छरदाणी स्वतःची न्यावी, सायंकाळनंतर अंगभर कपडे घालावेत. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन महिन्यांत आतल्या गावी नेऊ नये. लागण झाल्यावर ताप एक ते चार आठवड्यांनी, म्हणजे बहुधा घरी परतल्यावर येतो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांना 'साधा ताप' म्हणून गोळी मागू नये. गडचिरोलीहून आलो असे आवर्जून सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांनी ठरल्यापेक्षा चार दिवस अधिकची औषधे जवळ ठेवावीत. प्राथमिक उपचार अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात व गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात मिळतात. गंभीर रुग्णाला मात्र चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते, आणि भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी गडचिरोली शहरापर्यंतच जावे व आतल्या आप्तांना तेथे बोलावून घ्यावे. सिस्टर असोत वा जवान, महिन्याकाठी एखाद्या कामासाठी त्यांना जिल्ह्याच्या गावी यावेच लागते. तो दिवस आधी विचारून ठेवला तर भेट बिनघोर होते.